लाल चिंधीचा दोर

टेप तिसाव्या फुटापुढे कधी उघडलीच नव्हती, ही सगळी भानगड.

शंभर फुटांची पोलादी टेप, गोल डब्यात गुंडाळलेली. पहिले तीस फूट चिखलानं, शेवाळानं काळवंडलेले, आणि पुढच्या सत्तर फुटांना कारखान्याचं तेल जसंच्या तसं चिकटलेलं. वेढ्यांत घातलेला मेणकागदसुद्धा निघाला नव्हता. भूगर्भशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात उकिडवा बसून उत्तमराव सोनकांबळे ती टेप तपासत होता आणि मेणकागद दिसल्याबरोबर त्याच्या तोंडून निघून गेलं, "मेलो!"

साल छप्पन, महिना ऑक्टोबर. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायला दोन आठवडे उरले होते. मराठवाडा मुंबईकडे, कानडी जिल्हे म्हैसुराकडे, आणि हैदराबाद आंध्राची राजधानी. कचेऱ्याकचेऱ्यांत टेबलं, खुर्च्या, कपाटं मोजायचं काम चाललं होतं. बाहेर उसनी दिलेली यंत्रं परत मागवून त्यांच्या याद्या करा, असा हुकूम निघाला होता. म्हणून ही टेप कासारगावच्या कॉलेजातून परत आली होती.

आता हे कासारगावचं कॉलेज म्हणजे काय, ते सांगायला हवं. गोदेकाठी पत्र्याच्या तीन खोल्या. भूगोलाला एक कपाट, त्यातही अर्ध्यात कवायतीच्या लाठ्या. आणि इकडे हैदराबादचा विभाग! विलायती सूक्ष्मदर्शकं, नकाशांची वेगळी खोली, भिंतभर पुस्तकं. या दोघांचा एक करार झाला होता एक्कावन्न साली. गोदेकाठच्या चाळीस विहिरींचं पाणी वर्षातून दोनदा मोजायचं, एकदा वैशाखात, एकदा दिवाळीनंतर. अशी दहा वर्षं. दहा वर्षांची सलग नोंद झाली की जमिनीखालचं पाणी कुठं चाललंय ते कळेल, आणि मग अहवाल छापायचा.

करार घडवून आणला होता विभागाच्या प्रमुखांनी, प्रतापरावांनी. तेही मूळचे मराठवाड्यातले, मोठ्या शेतकरी घरातले, विलायतेत शिकून आलेले. विभागातली मंडळी नाकं मुरडायची. त्या शाळावजा कॉलेजला कशाला बरोबरीला बसवता, म्हणायची. प्रतापराव टेबलावर हात आपटायचे. "यंत्रं आमची, पायपीट त्यांची. मग नाव एकट्याचं कसं येईल, मियाँ?" त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं, अहवालावर दोन्ही नावं एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत. माणूस मनाचा मोठा होता, त्यात खोट नाही.

आणि ती पायपीट करणारा होता निवृत्ती, उत्तमरावचा सख्खा मावसभाऊ. कासारगावचा भूगोलाचा मास्तर. त्यांच्या वस्तीतला पहिला एम. ए. पायात चपला, खांद्याला झोळी, झोळीत टेप आणि वही. मोजायची रीत सोपी होती. टेपच्या टोकाला शिशाचा गोळा बांधायचा, खालच्या चार-पाच फुटांना खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी.

सोपी रीत, पण विहिरीच्या काठावर उभं राहू दिलं तर!

अठ्ठावीस विहिरी नदीजवळच्या, उथळ, शेतातल्या नाहीतर त्यांच्याच वस्तीतल्या. तिथं निवृत्तीनं टेप सोडली. उरलेल्या बारा गावविहिरी. खोल, बांधीव, गावच्या मधोमध. तिथं याच्या जातीच्या माणसानं पायरीला पाय लावला तर गाव उठायचं. यांच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन लांब लिंबाखाली बसायच्या आणि कुणी वरून पाणी ओतलं तर न्यायच्या. निवृत्तीची आई चतुराबाई पिंपळदरीच्या त्या लिंबाखाली तीस वर्षं बसलेली होती.

पण एक गंमत होती बघा. विहिरीचा दोर मात्र मांगवाड्यातून यायचा. पिंपळदरीचा दोर नागोराव वळायचा आणि बाकीच्या अकरा गावांत त्याचेच भाऊबंद, सोयरे. अंबाडीचा दोर, पिढ्यान्‌पिढ्या. दोर यांचा चालायचा, माणूस चालत नव्हता. तर निवृत्तीनं नागोरावाला गाठलं आणि चतुराबाईच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या केल्या. दर दीड फुटाला एक चिंधी दोराच्या पिळात घालून वळायची. बघणाऱ्याला वाटावं, ठिगळ असेल. मग लिंबाखाली बसलेल्या बाईनं एवढंच करायचं. वर कुणी पोहरा सोडला की रहाटावरून किती चिंध्या खाली गेल्या त्या मोजायच्या आणि पोहरा पाण्यावर आपटल्याचा आवाज आला की थांबायचं. त्यातून रहाटाची उंची वजा केली की झालं पाण्याचं माप. गावाला पत्तासुद्धा नाही की आपल्याच हातांनी विहीर मोजली जातेय!

हे ठाऊक होतं पाच-सात माणसांना, आणि हैदराबादेत फक्त उत्तमरावला. निवृत्तीनं त्याला बजावलं होतं, "दादा, कसं मोजतो ते कुणाला बोलू नको. वही तहसिलात जाते, पाटील-पटवारी वाचतात. दोरात महारणीचं लुगडं वळलंय असं कळलं तर नागोकाकाला जितं ठेवणार नाहीत." म्हणून वहीत नुसते आकडे होते. पिंपळदरी, वैशाख, अठ्ठावन्न फूट. रीत कुठंच लिहिलेली नव्हती.

आणि एवढा हुशार माणूस, पण टेप परत पाठवण्याआधी उगाच एकदा शेवटपर्यंत उलगडून मळवून ठेवावी, एवढी लबाडी काही त्याला सुचली नाही.

उत्तमराव मेणकागद मुठीत दाबून घाईघाईनं टेप गुंडाळायला लागला, तोच मागून आवाज आला. "थांब, थांब. दाखव बघू."

प्रतापराव चहाचा कप घेऊन उभे होते. खुशीत होते. राज्य तुटलं तरी काम तुटू नये म्हणून त्यांनी नवा करार टाइप करून ठेवला होता, दोन राज्यांमधला, आणखी दहा वर्षांचा. त्यावर सह्या करायला निवृत्ती त्याच दिवशी आला होता. चौदा तारखेला नागपूरला दीक्षा घेऊन, गर्दीतून धक्के खात, थेट हैदराबादला. अंगावर तोच पांढरा सदरा, मळलेला. आत खुर्चीवर बसून वाट बघत होता.

प्रतापरावांनी टेप हातात घेतली. चकचकीत भागावरून बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं. कप त्यांनी कठड्यावर ठेवला आणि टेप घेऊन आत गेले. उत्तमराव मागोमाग गेला.

"निवृत्ती, पिंपळदरी अठ्ठावन्न फूट," प्रतापराव वही उघडून वाचायला लागले. "सावरखेड एक्कावन्न. वाघी त्रेसष्ट. बारा विहिरी आहेत अशा. आणि ही तुझी टेप तीस फुटांपुढे उघडलेलीच नाही. एकच सांग. या विहिरींत टेप सोडली होती?"

"नाही, सर."

"मग आकडे कुठून आले?"

"आकडे खरे आहेत, सर."

"कुठून आले, ते विचारतोय मी!"

निवृत्ती खाली बघत बसला. खोटं बोलणार नाही, अशी प्रतिज्ञा तो तीन दिवसांपूर्वी लाखो माणसांत उभा राहून करून आला होता, आणि खरं सांगितलं तर नागोरावाच्या जिवाशी खेळ. त्यानं दोन्ही टाळलं आणि गप्प राहिला.

काय सांगायचं! प्रतापरावांना राग येण्याआधी वाईट वाटलं, ते तोंडावर दिसत होतं. या माणसाला विहीर म्हटलं की काय माहीत? आपण गेलो की बाया पदर सावरून बाजूला होतात आणि थंड पाण्याचा तांब्या पुढे येतो, एवढंच. विहिरीवर कुणाला जाताच येत नाही, ही गोष्ट त्यांनी ऐकली असेल, वाचली असेल. पण एम. ए. झालेला, आपल्या समोर खुर्चीवर बसणारा निवृत्ती त्यातला आहे, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. पाच वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, की बाबा रे, तुला मोजू देतात का?

ते उत्तमरावकडे वळले. "उत्तम, तू इतकी वर्षं माझ्या हाताखाली आहेस. एकदाही माझ्याशी खोटं बोलला नाहीस. हा तुझा भाऊ. तू सांग, हे आकडे खरे आहेत? तू नुसतं हो म्हण, मी आत्ता सही करतो. कसे आले तेही विचारणार नाही."

किती सोपं होतं! एक अक्षर. नागोरावाचं नाव नको, चिंधीचं नाव नको.

पण उत्तमरावच्या डोळ्यांपुढे त्या वेळी यादी होती. तो सरकारी खनिज खात्यातून विभागाला उसना दिलेला माणूस. पहिल्या तारखेला कोण हैदराबादेत राहणार आणि कोण मुंबई राज्यात फेकला जाणार, त्याची यादी वर चालली होती. 'हा माणूस इथे हवा' असा शेरा प्रतापरावांनी मारला तर अफझलगंजची खोली राहणार होती, पोरींची शाळा राहणार होती. आणि आता आपण हो म्हटलं, उद्या कुणी खोदून काढलं, तर म्हणतील जातवाल्यानं जातवाल्याची पाठ राखली. दोघंही लबाड. हे सगळं त्याच्या डोक्यातून एका श्वासात गेलं.

"मला काही माहीत नाही, सर," तो म्हणाला.

निवृत्तीनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. रागानं नव्हे. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. समोरचा माणूस ओळखीचा आहे की नाही, अशी शंका आल्यासारखं बघितलं आणि वही तिथंच ठेवून उठला.

टाइप केलेला करार प्रतापरावांनी आडवा फाडला.

त्या दिवशी उत्तमराव घरी पोचला तेव्हा त्याच्या बायकोनं, विमलाबाईनं भावजींसाठी भाकरी, आंबट चुक्याची भाजी करून ठेवली होती. दोन ताटं मांडली होती. भावजी आलेच नाहीत. काय झालं ते उत्तमरावनं कसंबसं सांगितलं. विमलाबाई ऐकत राहिली आणि मग एकदम कडाडली, "माहीत नाही? माहीत नाही म्हणालात? मावशीच्या अंगावरचं लुगडं आहे हो त्या दोरात!" तिनं एक ताट उचललं आणि भिंतीशी उपडं घातलं.

पहिल्या तारखेला यादी लागली. उत्तमराव हैदराबादेतच राहिला.

कासारगावच्या कॉलेजात काम थांबलं, म्हणून भूगोल बंद झाला. हैदराबादेनं खोटेपणा पकडला, असा बोभाटा झाला आणि निवृत्तीला दुसरं कॉलेज काही उभं करेना. पुढच्या वर्षी तो रेल्वेत लागला. नशिबाचा खेळ बघा, नेमणूक मिळाली सिकंदराबादला, पार्सल कचेरीत. उत्तमरावच्या घरापासून बसनं अर्ध्या तासावर! पण दोन वर्षांत तो एकदाही आला नाही. चतुराबाई गेली तेव्हासुद्धा निरोप तिसऱ्याकडून आला. उत्तमराव दोनदा सिकंदराबादच्या फलाटापर्यंत गेला आणि कचेरीची पाटी वाचून परत आला.

एकोणसाठचा वैशाख. सकाळी सकाळी दारात एक म्हातारा उभा. पाठीवर पोतं, डोक्याला फडकं. नागोराव.

"वळखलं का रं उत्तमा?" म्हणत तो आत आला. पाणी प्यायला, टेकला, आणि पोत्याचं तोंड सोडलं. आत दोर होता. झिजलेला, काळा पडलेला, आणि अधूनमधून लाल.

"पिंपळदरीच्या हिरीवर इंजिन बसलं. आता दोर नगं म्हनले, फेकून दिला. म्या उचलून आनला. आता मला काय भ्या न्हाई. तुझ्या सायबाला दाव. निवृत्ती खोटा नव्हता म्हनून सांग."

"बाया अजून मोजतात, काका?" उत्तमरावनं विचारलं. त्याला एकाएकी आशा वाटली होती.

"वरीसभर मोजलं की. तुझी मावशी तर रोज मोजायची. पन कुनी इचारायला येईना. मग इसरल्या, सोडलं." म्हातारा दोरावरून हात फिरवत राहिला.

प्रतापरावांचं घर हिमायतनगरात. त्या दिवशी सुट्टी होती. उत्तमरावनं त्यांच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर पसरला, दोन वेढे बसले. मग काही न वगळता सगळं सांगितलं. लिंबाचं झाड, पोहरा, चिंध्या, लुगडं. प्रतापराव आत जाऊन टेप घेऊन आले आणि फरशीवर गुडघे टेकून मोजायला बसले. एक चिंधी, दीड फूट. दुसरी चिंधी, तीन फूट. कुठं बोटभर इकडे, कुठं बोटभर तिकडे. चाळिसाव्या चिंधीशी, वैशाखात पोहरा पाण्यावर आपटायचा तिथं, ते थांबले. टेप साठ फूट दाखवत होती.

"रहाटाचे दोन फूट वजा," ते पुटपुटले. "अठ्ठावन्न."

त्यांनी टेप गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मी कधी विचारलंच नाही रे. बरोबरीचा म्हणालो, बरोबरीचा म्हणून खुर्ची दिली, आणि विहिरीवर काय होतं ते विचारलं नाही." डोळे पुसले आणि वर बघितलं. "पण तू? मी तर म्हणालो होतो, नुसतं हो म्हण."

"यादी होती, सर."

"कसली यादी?"

"बदल्यांची. तुमचा शेरा लागणार होता."

प्रतापरावांना आठवायला वेळ लागला. "अरे, तुझं नाव तर मी ऑगस्टातच देऊन टाकलं होतं," ते म्हणाले.

उत्तमरावनं खांबाला हात लावला. ऑगस्टात! म्हणजे ज्या भीतीपायी त्यानं भावाला बुडवलं, ती भीती दोन महिने आधीच संपलेली होती. कुणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलं नव्हतं. त्याला तिथल्या तिथं ओरडून रडावंसं वाटलं, पण साहेबाच्या दारात कसं रडायचं? त्यानं दोर गोळा करायला घेतला.

"निवृत्ती कुठंय? असेल तिथं जाऊ. नवा करार करतो. अहवालात पहिलं नाव त्याचं, चुकीची कबुली माझ्या सहीनं," प्रतापराव चपला घालत म्हणाले.

"सिकंदराबादला आहे, सर."

"इथं? दोन वर्षं? आणि तू...?" ते तसेच पायऱ्या उतरले.

पार्सल कचेरीच्या खिडकीपुढे रांग होती. आंब्यांच्या पेट्या, गाद्यांच्या वळकट्या, एक शिवणयंत्र. प्रतापराव रांगेत उभे राहिले, मागे पोतं घेऊन उत्तमराव. खिडकीत निवृत्ती होता. केस पांढरे व्हायला लागलेले, पण अक्षर तेच, पावतीवरसुद्धा वहीतल्यासारखं. प्रतापराव समोर आले तसा तो अर्धवट उठला, "सर" म्हणाला, आणि परत बसला.

प्रतापरावांनी रांगेतल्या लोकांची पर्वा केली नाही. तिथंच हात जोडले. "माझी चूक झाली, निवृत्ती. दोर बघितला मी. परत सुरू करू. उरलेली वर्षं पुरी करू."

निवृत्तीनं पोत्याकडे बघितलं. खिडकीतून हात बाहेर काढला, दोराचं टोक ओढून घेतलं आणि पहिल्या चिंधीवर अंगठा ठेवला. दुसरीवर. तिसरीवर. ओठ हलत होते. आईच्या लुगड्याचा रंग तिसऱ्या चिंधीवर अजून चांगला लाल होता.

"नोंद सलग लागते, सर," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत. मधली पाच मोजमापं गेली. ते पाणी आता वाहून गेलं, ते कुठून आणू? मोजणारीही गेली."

"नव्यानं करू."

"विहिरीवर इंजिनं बसली, सर."

प्रतापरावांनी जोडलेले हात खाली घेतले. ते बाजूला झाले. आता खिडकीपुढे उत्तमराव एकटा होता. त्यानं कितीतरी वाक्यं मनात घोकून आणली होती.

"तू गप्प राहा म्हणाला होतास," तो एवढंच म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला लाज वाटली.

"कसं मोजलं ते सांगू नको म्हणालो होतो, दादा," निवृत्ती हळू आवाजात म्हणाला. "खरं आहे का विचारलं तर हो म्हणू नको, असं नव्हतो म्हणालो."

त्यानं दोराचं टोक नीट गुंडाळून पोत्यात परत घातलं. मागे कुणीतरी तेलुगूत ओरडलं, लवकर करा म्हणून. उत्तमराव पोतं छातीशी धरून तिथंच उभा होता. निवृत्तीनं पेन उचललं, पावतीचं नवं पान काढलं आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "पुढचे कोण आहेत? या."